धुळीला अंतर नसतं

१

डॉक्टरीणबाईनं आयुष्यात कुणाची नाडी पाहिली नव्हती. हे नाव गल्लीनं दिलेलं. शेजारच्या शिंप्यानं एकदा दारातून डोकावून पाहिलं, तर ही केस टोपीत कोंबून, हातात पांढरे मोजे चढवून, टेबलावर उताण्या पडलेल्या कॅमेऱ्याच्या पोटात बघत होती. "अहो डॉक्टरीणबाई, पेशंट वाचेल ना?" असं तो म्हणाला आणि ते नाव जे चिकटलं ते चिकटलंच. पुढे पुढे तर कुणी खऱ्या नावानं हाक मारली तर ती वळायचीसुद्धा नाही.

दुकान अण्णांचं, म्हणजे तिच्या वडिलांचं. त्यांनी सारी हयात कॅमेरे उघडण्यात आणि मिटण्यात घालवली होती. हात थरथरायला लागले तेव्हा एका सकाळी काही न बोलता त्यांनी आपली खुर्ची सोडली आणि शेजारच्या स्टुलावर जाऊन बसले. ती काय ते समजली. तेव्हापासून खुर्ची तिची आणि सल्ले अण्णांचे.

बाहेरची खोली गिऱ्हाइकांची. आतली लांबट, बोळासारखी. तिथं पंखा नाही, खिडकी सदा बंद, फरशी ओल्या फडक्यानं पुसून चकचकीत. या खोलीत ती सेन्सर साफ करायची. डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी असतो तो हा टपालाच्या तिकिटाएवढा काचेचा तुकडा. लेन्स बदलताना त्यावर धूळ बसते आणि मग फोटो कशाचाही काढा, त्याच जागी पुसट करडा डाग उमटतो. उपाय सोपा. रबरी फुग्यानं हवा मारायची, ओलसर काडीनं एकाच दिशेनं पुसायचं आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून बघायचं. भिंत कोरी आली की पेशंट बरा.

टेबल आणि भिंत यांच्या मधे, बाजूला, अण्णांची ठेंगणी खाट होती. दुपारी बाहेर रहदारीचा कलकलाट, म्हणून ते आत येऊन पडायचे. "एवढी धुतलेली झोप राजालासुद्धा मिळत नसेल," असं म्हणून कुशीवर वळायचे ते संध्याकाळपर्यंत.

२

एके दिवशी कॅमेरा घेऊन आला तो माणूस विक्रीला काढलेल्या घरांचे फोटो काढायचा. दलाल किल्ली देणार, हा एकटा जाणार, रिकाम्या खोल्या टिपून आणणार. "मी म्हणजे शब्दशः रिकामटेकडा माणूस, ताई," असं त्यानं पहिल्याच दिवशी स्वतःवर हसून सांगितलं होतं. त्यामुळे अण्णांच्या तोंडी तो 'आपले रिकामटेकडे' झाला होता.

या वेळी मात्र तो हसला नाही. "प्रत्येक फोटोत डाग येतोय, ताई. मध्याच्या जरा डावीकडे. मी फुग्यानं हवा मारून बघितली. जात नाही."

"ठेवून जा. उद्या न्या."

"उद्याच कशाला," तो घाईनं म्हणाला. "तुमच्या सवडीनं होऊ दे."

गिऱ्हाईक असं कधी बोलत नाही. तिला नवल वाटलं, पण तेवढंच.

दुपारी तिनं लेन्स काढली, सेन्सर पुसला, पांढऱ्या भिंतीचा फोटो काढला. मध्याच्या जरा डावीकडे डाग तसाच. पुन्हा पुसला. पुन्हा तसाच. तिनं दिव्याचं भिंग लावून काच कोपरान् कोपरा तपासली. काचेवर कण म्हणून नव्हता.

आणि डागही काही धुळीसारखा नव्हता. धुळीचा डाग गोल असतो, नाहीतर धाग्यासारखा वाकडा. हा उभा होता. वर निमुळता, किंचित एका बाजूला कललेला.

"चिवट आहे," ती खाटेवरच्या अण्णांना म्हणाली.

"सेन्सर चिवट नसतो, माणूस आळशी असतो," अण्णा डोळे न उघडता म्हणाले.

३

त्यानंतर जे घडलं ते तिच्या हातून चुकून घडलं. कॅमेरा ट्रायपॉडवर बसवताना लेन्सच्या रिंगला धक्का लागला आणि फोकस सरकला. पुढचा फोटो आला त्यात भिंत धूसर होती आणि डाग मात्र आधीपेक्षा ठळक.

ती त्या पडद्याकडे बघत राहिली. मग तिनं मुद्दाम रिंग आणखी थोडी फिरवली. डागाला कडा आल्या. कापडाच्या दशा सुटाव्यात तशा, बारीक. आणखी फिरवली, तर डाग पुन्हा विरघळला.

"अण्णा, जागे आहात का?"

"आता झालो."

"फोकस बदलला की डाग स्पष्ट होतोय."

अण्णा हसले. "शक्यच नाही. फोकस होतो तो समोरच्या वस्तूचा. धूळ समोर असते का? ती आत, काचेला चिकटलेली. तू रिंग इकडे फिरव नाहीतर तिकडे, तिला काय त्याचं! धुळीला अंतर नसतं, पोरी."

"हिला आहे."

अण्णा उठून बसले. त्यांनी चष्मा लावला, पडदा डोळ्याजवळ नेऊन एकामागून एक फोटो पाहिले. थरथरत्या हातात कॅमेराही थरथरत होता. "लेन्समधे काहीतरी असेल. एखादा डिंक सुटला असेल भिंगांच्या मधे. दुसरी लावून बघ."

तिनं दुसरी लावली. मग तिसरी. भिंतीजवळ जाऊन हात फिरवला. भिंत गार, सपाट, कोरी. आपल्या कॅमेऱ्यानं त्याच भिंतीचा फोटो काढला, तोही स्वच्छ. म्हणजे दोष याच कॅमेऱ्याचा. तिला हायसं वाटलं. पण रिकामटेकड्यांच्या कॅमेऱ्यावर कुठलीही लेन्स लावली तरी डाग रिंगच्या त्याच अंतराला स्पष्ट होई. भिंतीच्या अलीकडे, साधारण दोन हात.

तिनं व्ह्यूफाइंडरला डोळा लावला. त्यातून दिसतं ते आरशातून दिसतं, सेन्सरमधून नव्हे. खोली रिकामी होती. एका बाजूला खाट, खाटेवर पाय सोडून बसलेले अण्णा.

"काय दिसतंय?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही."

४

कॅमेऱ्यात रिकामटेकड्यांचं फोटोंचं कार्ड तसंच राहिलं होतं. दुसऱ्याचे फोटो चाळायचे नाहीत हा अण्णांचा दंडक. आज तिनं तो मोडला.

रिकामी घरं. पडदे काढलेल्या खिडक्या, भिंतींवर कपाटांच्या जागी उरलेले फिकट चौकोन, लोंबणारी वायर. सगळ्यात जुन्या फोटोंत डाग दिसतच नव्हता. मग एका लांबलचक दिवाणखान्यात, अगदी पलीकडच्या दारात, एक ठिपका. डोळे ताणून पाहिलं तरच दिसावा असा. पुढच्या घरात तो थोडा मोठा. त्यापुढच्या घरात आणखी. घरं बदलत होती, भिंतींचे रंग बदलत होते. ठिपका तेवढा वाढत होता, जसं लांबच्या रस्त्यावरून कुणीतरी चालत यावं.

तिनं त्याला फोन केला.

"डाग आधी लहान होता का हो?"

"म्हणजे तुम्हालाही तसं दिसलं. मला वाटत होतं, माझ्याच डोळ्यांना भास होतोय."

"कुठल्या घरापासून सुरू झालं?"

"नाही हो सांगता येत. रिकामी घरं सगळी सारखीच. ताई, हसणार नसाल तर एक सांगू? मी हल्ली फोटो काढताना पाठ भिंतीला टेकवून उभा राहतो. का, ते विचारू नका. पण कॅमेरा तुमच्याकडे आल्यापासून झोप छान लागतेय."

"तुम्ही तो घेऊन जा बघू."

"मी बाहेरगावी चाललोय," तो म्हणाला. इतक्या पटकन म्हणाला की बाहेरगाव त्यानं त्याच क्षणी शोधून काढलं असणार.

तिनं कॅमेरा कपाटात ठेवला आणि किल्ली फिरवली. मनाशी म्हणाली, लोकांची डोकी फिरलेली असतात, आपण आपलं फिरवून घेऊ नये. एका काचेच्या तुकड्यात बिघाड झालाय. बिघाडाला कारण असतं. सापडेल.

५

काही दिवस तिनं त्या कॅमेऱ्याला हात लावला नाही. दुसरी कामं केली. पण अर्धवट राहिलेला पेशंट कपाटात असला की तिला जेवण गोड लागत नसे. तिच्या हातून कॅमेरा न सुधारता परत गेला, असं कधी झालं नव्हतं.

एका दुपारी अण्णा घोरत पडले होते. तिनं कॅमेरा काढला. इतके दिवस फोटोच काढला नाही, तर डाग पुढे आला असणार तरी कसा, असा तिचा हिशेब होता. तिनं भिंतीचा एक फोटो काढला.

डाग आता अर्ध्या चौकटीएवढा उंच होता. धूसर. ती रिंग फिरवत गेली, फोटो काढत गेली. भिंतीपासून अलीकडे, आणखी अलीकडे. एके ठिकाणी तो स्पष्ट झाला. माणूस म्हणावं तर त्याला खांदे नव्हते. खालचं टोक जमिनीला टेकत नव्हतं. अंग म्हणावं तर ते करड्या, दाट, एकमेकांत गुंतलेल्या तंतूंचं होतं. कपाटामागून केरसुणीनं ओढून काढावं तसं. वरचं निमुळतं टोक आधीपेक्षा जास्त कललं होतं, आपण काही नीट ऐकू यावं म्हणून मान कलती करतो तसं.

रिंगला हात न लावता तिनं व्ह्यूफाइंडरला डोळा लावला आणि या अंतरावर खोलीत काय आहे ते पाहिलं. कॅमेरा हळूहळू खाली झुकवला.

सगळं धूसर होतं. फक्त खाटेची कड स्पष्ट होती, आणि अण्णांची पावलं. उजव्या अंगठ्याच्या नखावरची जुनी चीरसुद्धा.

"अण्णा!"

ते दचकून उठले. "काय गं? काय पेटलं?"

"काही नाही. चहा टाकलाय. बाहेर या."

"मग एवढ्यानं ओरडायचं? माझा जीव जायचा एखाद दिवशी तुझ्या चहापायी." ते पुटपुटत चपला शोधू लागले. ती त्यांच्या आणि कॅमेऱ्याच्या मधे उभी राहिली, ते दाराबाहेर जाईपर्यंत. मग लक्षात आलं की चहा टाकलेलाच नाही.

६

"धाकटीकडे जाऊन या थोडे दिवस," दुसऱ्या दिवशी ती अण्णांना म्हणाली. धाकटी म्हणजे तिची बहीण. गावाच्या पलीकडच्या टोकाला राहायची. "भिंतीला रंग द्यायचाय. वासानं खोकत बसाल."

"रंग? उन्हाळ्याआधीच तर दिला."

"उडालाय."

अण्णांनी आतल्या भिंतीकडे पाहिलं, मग टेबलावरच्या कॅमेऱ्याकडे. "त्या पेशंटचं काय झालं?"

"होतोय बरा."

"पोरी, तुला हा धंदा मी शिकवला. थापा मारायला नाही शिकवल्या."

ती त्यांची पिशवी भरत राहिली. सदरे, औषधं, चष्म्याचं घर. शेवटी म्हणाली, "जा ना, अण्णा. माझ्यासाठी जा."

तिचा आवाज कसा निघाला कोण जाणे, पण अण्णांनी पुढे वाद घातला नाही. पिशवी उचलली, थरथरता हात तिच्या टोपीवर ठेवला आणि गेले. रिक्षा वळेपर्यंत ती दारात उभी होती.

मग ती आत आली, खुर्चीत बसली आणि फोटो काढला. काय करायचं ते तिला माहीत नव्हतं. माहीत होतं ते एवढंच, की जे काही आहे ते किती लांब आहे हे बघायचं साधन तिच्याकडे तेवढं एकच होतं. डोळे बंद करून बसण्यापेक्षा ते बरं.

डाग टेबलाच्या पलीकडच्या कडेपाशी होता. चौकटीत मावत नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिनं रिंग अगदी जवळच्या खुणेवर आणून ठेवली. कुठल्याही लेन्सला जवळची एक हद्द असते. तिच्याही आत आलेली वस्तू लेन्सला नीट दिसत नाही. फोटोत नुसता करडा पडदा आला, कडेपासून कडेपर्यंत. त्यात कुठे कुठे तंतू असल्यासारखं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी फोटो कोरा आला. पांढरी भिंत, पांढरीशुभ्र. तिनं लेन्समधलं उजेडाचं छिद्र बारीक करून काढला, मोठं करून काढला, रिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली. डाग नाही. ठिपका नाही. पेशंट ठणठणीत.

तिनं खुर्ची मागे सरकवली, ती भिंतीला टेकेपर्यंत. मग तिची तिलाच लाज वाटली. इतक्या वेळा पुसलंय, कधीतरी निघणारच होतं. डिंक असेल, आता वाळून झडला असेल. तिनं मोठ्यानं म्हटलं, "झडला असेल." आणि रिकामटेकड्यांना फोन लावला.

तो आला तो बिचकतच. बाहेरच्या खोलीत उभं राहून त्यानं रस्त्याचा फोटो काढला, शिंप्याचा काढला, छताचा काढला. पडदा डोळ्याशी नेऊन पाहिला आणि त्याचा चेहरा पोरासारखा फुलला. "ताई, जादू केलीत! काय केलंत तरी काय?"

तिला सांगायचं होतं. गेलेलं नाही हो, नुसतं लेन्सच्या अलीकडे आलंय. पण हे वाक्य उजेडात, त्या हसऱ्या माणसासमोर, कुठल्या तोंडानं बोलायचं?

"लेन्स काढून कॅमेरा फार वेळ उघडा ठेवू नका," ती म्हणाली.

तो शीळ घालत गेला.

७

कॅमेरा दुकानातून गेला आणि खरोखरच खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं झालं. तिनं आतली खोली पुन्हा धुऊन काढली. खाटेवरची चादर बदलली. धाकटीला फोन करून सांगितलं, "उद्या अण्णांना आणून सोड. रंग वाळला."

"बरं झालं बाई," धाकटी म्हणाली. "इथं माझ्या मिक्सरचे स्क्रू काढून बसलेत."

ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

मग एका दातांच्या डॉक्टरांचा कॅमेरा कामाला घेतला. नवा, साधा, दातांशिवाय दुसरं काही न पाहिलेला. दुपारची वेळ, दारातून ऊन थेट टेबलाच्या पायापर्यंत आलेलं. तिनं लेन्स काढली, फुग्यानं हवा मारली, भिंग लावलं आणि वाकली. काच आतून जांभळट काळी दिसत होती. एका कोपऱ्यात दोन कण. काडी उचलली आणि नेहमीसारखा श्वास रोखून धरला. काचेवर वाफ बसू नये म्हणून या कामात श्वास रोखायचाच असतो. बोटांना सवय तशी छातीलाही होते.

काचेवर वाफ आली.

डाव्या कडेनं आली, पसरली आणि हळूहळू विरली. ती हलली नाही. श्वास अजून छातीतच होता. तिनं ओठ घट्ट मिटले. काच स्वच्छ झाली, काळी झाली, आणि भिंगाच्या दिव्यात तिला आपल्या टोपीची पांढरी कड त्या काचेत दिसली. कडेला अगदी लागून, तितकंच खाली वाकलेलं, आणखी काहीतरी होतं. करडं. कललेलं. काम शिकायला आलेलं माणूस गुरूच्या खांद्याशी वाकून बघतं, तसं ते तिच्या हाताकडे बघत होतं.

मग पुन्हा वाफ आली आणि सगळं झाकलं.

तिनं काडी खाली ठेवली. कॅमेऱ्याला झाकण लावलं. मान न वळवता उठली आणि बाहेरच्या खोलीत चालत आली, भरलेल्या भांड्यातलं पाणी सांडू नये तशी. समोर रस्ता होता, गाड्या होत्या, शिंपी कुणाशी तरी कापडावरून हुज्जत घालत होता. काउंटरवरचा फोन वाजला. तिनं उचलला.

"पोरी, मी उद्याची वाट बघत नाही," अण्णांचा आवाज आला. "आत्ताच निघतो. धाकटी पिशवी भरतेय. इथल्या गादीवर मला झोप नाही."

तिनं फोन कानाशी घट्ट धरला.

"अगं, दमलीस का? केवढा श्वास टाकतेयस!"

तिच्या एका हातात फोन होता. दुसरा हात तिनं कधीचाच आपल्या तोंडावर दाबून धरला होता.

"फरशी पुसत होते," ती तो हात जरा सैल करून म्हणाली. "येऊ नका, अण्णा. भिंत ओली आहे अजून."

"ओली असू दे. तुझा श्वास मला ठीक वाटत नाही. बस आधी खाली. बसलीस का? आता सावकाश घे. घाई नाही. सावकाश आत... आणि सावकाश बाहेर."

तिनं पुन्हा हात दाबला. छाती फुटेल असं वाटत होतं.

"हं," अण्णा म्हणाले. त्यांच्या आवाजातली काळजी ओसरली होती. "अस्सं. आता कसं, शहाण्यासारखं. ऐकतेस ना माझं? आणखी एकदा घे..."

जन्मात पहिल्यांदाच तिनं अण्णांचं बोलणं मधे तोडून फोन ठेवला. मग वायर ओढून भिंतीतून काढली, दुकानाचं दार आतून लावून घेतलं आणि किल्ली मुठीत धरून काउंटरपाशी उभी राहिली. अण्णा येऊन दार ठोठावू लागले, तिच्या नावानं, खऱ्या नावानं हाका मारू लागले, तरी तिनं ओ दिली नाही.